सतरा अंकी डोंगर



थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी-उंदेरीचीं बेटें दिसतात. त्यांचा काळा कातळ दख्खनच्या ज्वालामुखींनीं सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ओतला. एवढा काळही जिच्या मोजणीस अपुरा पडेल, अशा एका संख्येविषयीं आज बोलावयाचें आहे. ती संख्या अशी: १२३४५६७८९८७६५४३२१. दर सेकंदाला एक याप्रमाणें कोणी अहोरात्र मोजूं लागला, तर तिच्यापर्यंत पोहोंचण्यास सुमारें ३९ कोटी वर्षें लागतील. म्हणजे त्या कातळाच्या वयाच्या जवळजवळ सहापट.

भास्कराचार्यांच्या 'लीलावतीं'त (११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें आहेत. त्यांप्रमाणें वाचल्यास ही संख्या एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि अशी सुरू होते. आम्हां समुद्रकांठच्या माणसांना एकच जलधि पुष्कळ होतो. पण तें असो.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. हें कसें घडतें तें आमच्या वाडींतल्या सुपाऱ्यांनीं दाखवितां येईल. गुणाकार करतांना नऊ एकांची तीच ओळ नऊ वेळां, दर वेळीं एक घर डावीकडे सरकवून, मांडावी लागते. प्रत्येक एकाच्या जागीं एक सुपारी ठेवा आणि उभ्या रांगा मोजा. उजव्या टोकास एक, मग दोन, मग तीन, असें चढत मधल्या रांगेंत नऊ, आणि पुन्हां उतरत एक. कोठेंही हातचा येत नाहीं, हेंच यांतील मर्म. सुपाऱ्या एकंदर ८१. म्हणून अंकांची बेरीजही ८१. या संख्येस ८१ नें निःशेष भागही जातो. एवढ्या मोठ्या संख्येचे मूळ अवयव मात्र तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हें नांव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं दिलें. डेम्लो हें डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकाचें जुनें नांव. तेथें त्यांना ही कल्पना सुचली. डहाणूस १९०५ सालीं जन्मलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. कित्येक विद्वानांना त्यांचें काम पोरखेळ वाटे. १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्यें त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष वळलें; मास्तरांस निवृत्त होऊन तेरा वर्षें झालीं होतीं.

पोरखेळ कीं शास्त्र, हें माझ्या मतें नवव्या पायरीपुढें कळतें. दहा एकांचा वर्ग करा: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रांगेंत दहा सुपाऱ्या झाल्या, हातचा आला, आणि शिखर ढासळलें. शेजारच्या रांगेंतील नवांत तो हातचा मिळून तेथेंही दहा झाले. प्रत्येक हातच्यामागें अंकांची बेरीज नवांनीं घटते. म्हणून ती १०० न राहतां ८२ झाली. मग दोष कोणाचा? एकांचा नव्हे, दहांच्या पटीनें मोजण्याच्या आपल्या रीतीचा. बारांच्या पटीनें मोजणाऱ्यास हाच डोंगर अकरा एकांपर्यंत सुखरूप चढतां येईल.