अपूर्णांकांपासून अनंतस्पर्शी रेषेपर्यंत
(भिवंडी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



‘अनंतस्पर्शी रेषा’ हा विषय आपल्या प्राथमिक वर्गांचा नाही. पुढे उच्च वर्गांत तो येतो, तेव्हा पुष्कळ विद्यार्थी त्याचे तीन नियम अर्थ न कळताच पाठ करतात. ही घोकंपट्टी टाळावयाची असेल, तर आपल्या अपूर्णांकांच्या तासालाच त्या विषयाचा पाया घातला पाहिजे.

भिवंडीच्या मुलांना यंत्रमागाचा परिचय घरीदारी असतो. तेथूनच आरंभ करू. समजा, मागावर ताणा चढविण्याचा एकवेळचा खर्च ६०० रुपये आहे आणि पुढे प्रत्येक मीटरला सूत, वीज व मजुरी मिळून २० रुपये लागतात. (आकडे केवळ हिशेबाच्या सोयीचे आहेत.) १० मीटर विणल्यास सरासरी खर्च मीटरला ८० रुपये येतो, १०० मीटर विणल्यास २६ रुपये, १,००० मीटरना २० रुपये ६० पैसे, १०,००० मीटरना २० रुपये ६ पैसे. खर्च २० रुपयांच्या लगत येत जातो, पण तेथवर उतरत नाही.

क्ष मीटर विणले, तर अंशस्थानी २०क्ष + ६०० आणि छेदस्थानी क्ष येतो. भागाकार केला की २० + ६००/क्ष उरतात. क्ष वाढेल तसतसा दुसरा भाग शून्याकडे झुकतो. आलेखावर २० या उंचीची आडवी रेषा हीच येथील अनंतस्पर्शी रेषा होय.

सर्व परिमेय राशींना हीच रीत लागू पडते. छेदातील क्ष च्या सर्वांत मोठ्या घाताने वरच्या व खालच्या प्रत्येक पदाला भागावे. अंश व छेद यांची कोटी समान असेल, तर अग्रपदांच्या सहगुणकांचे गुणोत्तर उरते. अंशाची कोटी कमी असेल, तर शून्य उरते, म्हणजे क्ष-अक्षच ती रेषा ठरतो. अंशाची कोटी अधिक असेल, तर आडवी अनंतस्पर्शी रेषा नसतेच.

दोन गैरसमजांपासून मात्र सावध राहावे. ‘अनंत भागिले अनंत म्हणजे एक’ असे मुलांना कधीही सांगू नये; आपल्या उदाहरणात अंश व छेद दोन्ही अमर्याद वाढले, तरी उत्तर २० कडे गेले. तसेच ‘आलेख त्या रेषेला कधीच भेटत नाही’ हेही सर्वत्र खरे नाही. अंशस्थानी क्ष व छेदस्थानी क्ष-वर्ग अधिक १ घ्या. क्ष शून्य असता राशीही शून्य होते. म्हणजे ज्या अक्षाकडे आलेख दूरवर झुकतो, त्यालाच तो मध्ये छेदून जातो.

आता आपल्या वर्गातील काम. फळ्यावर १/२, २/३, ३/४, ४/५ असे अपूर्णांक लिहावेत आणि प्रत्येकाला १ होण्यास किती उणे आहे, ते मुलांकडूनच काढवून घ्यावे. १/२, १/३, १/४, १/५ अशी उत्तरे येतील. मग विचारावे, “ही उणीव लहान होत जाते, पण कधी संपेल काय?” उत्तर देण्याची घाई आपण करू नये. ज्या मुलाने हा प्रश्न स्वतः सोडविला, त्याला पुढे ते तीन नियम पाठ करावे लागणार नाहीत. ते त्याला आपोआप उमगतील.