देवगिरीचे दर्शन
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



उद्याच्या सहलीत आपण देवगिरीस जाणार आहोत. त्या स्थळाविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत.

आपली मुले अलीकडे परदेशी जातात आणि प्राग नगरीतील टेकडीवरचा किल्ला व त्याच्या पायथ्याची जुनी वस्ती यांची छायाचित्रे कौतुकाने दाखवितात. ते कौतुक रास्तच आहे. परंतु गड आणि त्याखाली नगर अशीच रचना असलेली एक राजधानी छत्रपती संभाजीनगरपासून अवघ्या पंधरा किलोमीटरांवर उभी आहे. बाराव्या शतकात पाचव्या भिल्लम यादवाने ती वसविली. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीचे सिंहासन येथे हलविले व तिचे नाव दौलताबाद झाले. पुढे बहामनी आणि निजामशाही नांदल्या, व १६३३ साली मोगलांनी गड घेतला.

बहुतेक प्रवासी धावत माथा गाठतात आणि धावत उतरतात. आमची विनंती अशी की, आधी पायथ्याचे नगर पाहावे. अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट अशा तीन तटबंदी येथे आहेत. बाहेरच्या दोन तटांमध्ये विणकर, सोनार, पाथरवट, व्यापारी अशी सामान्य रयत राहत असे. प्रागच्या किल्ल्याखाली आजही दिवे लागतात. येथे मात्र त्या नगराच्या बहुतेक भागात शेते आणि पडक्या भिंती उरल्या आहेत.

महाकोटात शिरल्यावर प्रशस्त हत्ती हौद लागतो. जवळच मंदिरांचे खांब वापरून १३१८ साली उभारलेली मशीद आहे; तेथे आज भारतमातेची मूर्ती आहे. समोर बहामनी काळातील चांदमिनार आहे. थोडे वर चिनी महाल लागतो. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह यास १६८७ नंतर येथेच बंदीत ठेविले होते. वयोवृद्धांनी याच्या पुढे चढण्याचा आग्रह धरू नये.

त्यानंतर खंदक येतो. डोंगराची कडा चहूबाजूंनी उभी तासून काढली आहे. ती पाहताना छिन्नी चालविणाऱ्या अनाम हातांचे स्मरण ठेवावे. अरुंद पूल ओलांडला की अंधारी लागते. तेथे मुलांचे हात धरावेत व विजेरी जवळ असू द्यावी. गडाचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्या चरणाशी पैठणचे एकनाथ याच गडावर शिकले, हेही मुलांस सांगावे.

आता मुख्य गोष्ट. इतका दुर्गम गड १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीपुढे का नमला? तट फुटला म्हणून नव्हे. युवराज मोठे सैन्य घेऊन दूर गेला होता. रामदेवरावाने घाईने गडाचा आश्रय घेतला, आणि कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी टाकून दिलेली पोती धान्याची समजून वर चढविण्यात आली. वेढा पडल्यावर ती उघडली, तो आत मीठ निघाले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. शेवटी जबर खंडणी देऊन तह करावा लागला.

बंधुभगिनींनो, संस्थांचेही असेच असते. आपली इमारत झाली, घटना झाली, दरवर्षी स्मरणिका निघते. हे आपले तट होत. परंतु शिष्यवृत्ती निधीतील किती रक्कम कागदावर आहे आणि किती गरजू विद्यार्थ्याच्या हाती वेळेवर पडते, हे प्रत्येक वर्षी पोते सोडून पाहिले पाहिजे. संकट दाराशी आल्यावर पाहून उपयोग नाही. ज्या मुलाची फी जून महिन्यात भरावयाची आहे, त्यास दिवाळीनंतरचा धनादेश म्हणजे मिठाचे पोतेच होय.

उद्या सकाळी लवकर निघावे, पाणी सोबत घ्यावे, आणि भिंतींवर कोणी आपले नाव कोरू नये. ज्यांनी हा गड खोदला त्यांनीही ते कोरले नाही.