कोयता गेला, मागं गोळी कोण देणार?

घाटनांदूरहून बोलतेय.

दसरा झाला की आपल्याकडचे कोयते कारखान्याच्या वाटेला लागतात. लेक-सून टोळीबरोबर जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली नातवंडं आणि दारातली शेरडं. पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने घर त्यांच्याच जिवावर.

तीन वर्षांमागं आम्ही दोघंही ऊस तोडायला गेलो होतो. सासूबाईंना बीपी. गोळ्या संपल्या, पण बरं वाटत होतं म्हणून त्यांनी पुन्हा आणल्याच नाहीत. संक्रांतीनंतर फोन आला, एक बाजू गेली. आज त्यांना उजव्या हातानं घास घेता येत नाही. बीपीचं हेच वाईट. वाढलं तरी बहुतेकदा काही दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस गोळी सोडतो.

मग गटात ठरलं. बचतीच्या वहीत मागं एक पान राखलं. कोणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे आणि त्याची गोळी कोणत्या तारखेला संपते, एवढंच लिहायचं. गावात राहणाऱ्या प्रत्येकीनं दोन घरं घेतली. गोळी कोणती, किती, हे डॉक्टरच ठरवणार. आपण फक्त संपण्याआधी आणायची आठवण करायची. पहिल्या वर्षी आम्हीही दोन घरं विसरलो.

बायकांना हे जमेल का, असं एक आजोबा म्हणाले. अहो, आपल्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं.

आशाताई तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात. वय, तंबाखू, चालणं-फिरणं, घरातला बीपी-शुगरचा आजार आणि कमरेचा घेर विचारतात. गुण चारच्या वर गेले की तपासणी आधी. बाईचा घेर ऐंशी सेंटीमीटरच्या वर गेला की गुण लागतो. आम्ही शिवणकामाच्या टेपानं बैठकीतच मापं घेतली. हसून हसून पुरेवाट झाली, पण चौघी तपासायला गेल्या.

त्या फॉर्ममध्ये मिसरी लपवू नका. ती तंबाखूच आहे. मीही पुरती सोडलेली नाही, सकाळची अजून राहिलीय. आणि मीठ माणशी दिवसाला एक लहान चमचा, त्यातच लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं. भाकरी आपलीच चांगली, तिच्यावरचा ठेचाच काय तो हात राखून.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तेल चोळत बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते सांगा. अंबाजोगाईचं मेडिकल जवळ आहे.

यंदा टोळ्या निघायच्या आधीच्या बैठकीत वही काढा. ज्या सुना जाणार आहेत त्यांच्याकडूनच सासू-सासऱ्यांच्या गोळ्यांची नावं लिहून घ्या, आणि फोन नंबरही.