बंगळूरने जगविलेली विमाने
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जुनी अवजड विमाने संग्रहालयात कशी नेतात आणि तेथे कशी मांडतात, हा विषय मंडळाने आम्हांस दिला. बंगळूरकराने त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. जुन्या विमानतळ-रस्त्यावर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे संग्रहालय 2001 पासून उभे आहे. डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी रचलेले, ऑगस्ट 1951 मध्ये प्रथम उडालेले ‘एच. टी. 2’ हे शिकाऊ विमान तेथे पाहावयास मिळते, ‘मरुत’ही आहे. पाहुणे आले की आपण त्यांना तेथे हटकून नेतो. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते तेथे नसलेल्या एका विमानाविषयी.

ते विमान म्हणजे ‘लिबरेटर’. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन बनावटीचे, चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान. पंखांचा विस्तार 110 फूट, लांबी 67 फूट, रिकामे वजन साडेसोळा टनांच्या घरात. अशी 18,000 हून अधिक विमाने बांधली गेली. आज जगात जी मोजकी धडपणे उरली आहेत, त्यांतील निदान पाच आपल्या या शहरातून गेलेली आहेत. ती उरली कशी, याची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

युद्ध संपले तेव्हा यांतील पुष्कळ विमाने कानपूरजवळच्या चकेरी येथे उभी होती. ती उसनवारीच्या कराराने आलेली. परत नेणे परवडत नव्हते आणि दुसऱ्या कोणी वापरावीत अशीही इच्छा नव्हती. म्हणून ती मुद्दाम मोडण्यात आली. उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू घातली, असे सांगतात. मग उन्हापावसात ती तशीच पडून राहिली. स्वतंत्र भारताला मोठी विमाने हवी होती आणि विकत घेण्यास पैसा नव्हता. तेव्हा या ढिगाऱ्यातून काही उभे राहते का, हे पाहण्याचे काम बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याकडे आले.

हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने डिसेंबर 1940 मध्ये काढलेला. 1943 पासून युद्ध संपेपर्यंत तो अमेरिकन वायुसेनेच्या दुरुस्तीचे ठाणे होता. त्यामुळे येथील कारागिरांच्या हातांना अमेरिकन विमानांची ओळख होती. तरीही कानपूरला जे पुढ्यात आले ते विमान नव्हते, विमानाचे अवशेष होते. एकाचे चाक काढून दुसऱ्याला, तिसऱ्याचे इंजिन चौथ्याला, अशी जुळवाजुळव करीत एकेक विमान जेमतेम उडण्याजोगे करावयाचे आणि बंगळूरला आणून मग त्याची समूळ दुरुस्ती करावयाची, असा बेत ठरला.

येथे कोणीही विचारील, ती सुटी करून रस्त्याने का आणली नाहीत? मोठ्या विमानाच्या पंखांचा मधला भाग धडातूनच आरपार गेलेला असतो. बाहेरचे पंख, शेपूट, इंजिने उतरविली, तरी तो मधला सांगाडा कोणत्याही पुलावर आणि वळणावर अडतो. बरे, एकदा सोडविलेले सांधे पुन्हा बिनचूक जुळविणे हे मूळ बांधणीहून किचकट. म्हणून हवेतून आणणे हाच सोपा मार्ग, अर्थात चालविणारा मिळाला तर! तो मिळाला : कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी. पुढे ‘एच. टी. 2’चे पहिले उड्डाणही त्यांनीच केले. लिबरेटर त्यांनी पूर्वी कधी चालविले नव्हते. माहितीपुस्तिका वाचून ते त्यात बसले. 1948 पासून पुढे, सुमारे पंधराशे किलोमीटरची ती वाट पुन्हा पुन्हा कापून, चाळीसच्या आसपास विमाने बंगळूरला आली. आमच्या मते भारतीय विमानविद्येच्या इतिहासातील हे एक मोठे साहस आहे, आणि त्याचा गाजावाजा मात्र फारच थोडा झाला.

ही विमाने वायुसेनेत 1968 पर्यंत राहिली. त्यांतील सहावी तुकडी पुण्याची. तेव्हा लोहगावच्या बाजूला राहिलेल्या मंडळींनी त्यांची घरघर ऐकली असेल. एव्हाना इतर देशांनी आपापली लिबरेटर भंगारात घातली होती, आणि संग्रहालयांना ती हवी झाली तेव्हा दार ठोठवावे लागले ते भारताचे. कॅनडाने 1968 मध्ये आपले एक ‘लायसँडर’ देऊन बदल्यात एक घेतले. 1969 मध्ये एक अमेरिकेतील टूसॉनला उडत गेले. 1974 मध्ये एक ब्रिटनला. आणखी एक 1980 नंतर सुटे करून इंग्लंडमार्गे अमेरिकेस गेले आणि 1989 मध्ये पुन्हा आकाशात चढले. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. ब्रिटनमधले विमान 2005 मध्ये कॉसफर्डहून लंडनच्या हेंडनला हलविले, ते मात्र तुकडे करून, रस्त्याने.

मांडणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. परदेशी संग्रहालयांनी या विमानांना युद्धकाळचे रंग दिले. त्यांत लबाडी नाही. प्रेक्षक युद्धाची आठवण पाहावयास येतात. पण यांतील बहुतेकांची युद्धातली सेवा महिन्यांत मोजावी आणि भारतातली वीस वर्षांची. मग विमानाचे कोणते वय खरे मानावे? गोव्यात बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ आहे. ते एअर-इंडियाचे ‘रानी ऑफ एलोरा’ म्हणून आले, वायुसेनेत गेले आणि 1976 मध्ये नौदलात. तेथे निदान शेवटचा वेष कायम ठेवला आहे. दाभोळीचे विमानतळ शेजारीच असल्याने त्याची वाहतूकही सुकर. उलट विशाखापट्टणमला 2017 मध्ये नौदलाचे ‘तुपोलेव्ह 142’ विमानतळावर उतरवून, सुटे करून, समुद्रकाठच्या रस्त्यावर नेऊन पुन्हा जोडावे लागले. त्याच्या पंखांचा विस्तार 50 मीटर! आणि जोडून भागत नाही. खारी हवा ॲल्युमिनियमला खाते, पाणी पंखांत साठते, पाखरे इंजिनांत घरटी करतात, उभ्या भाराने टायर बसतात म्हणून खाली टेकू द्यावे लागतात. उघड्यावर ठेवलेले विमान रोज थोडेथोडे झिजत असते.

बंगळूरचे संग्रहालय उघडले तेव्हा लिबरेटर निवृत्त होऊन तेहतीस वर्षे लोटली होती. येथे ठेवण्यास एकही उरले नव्हते. याचा दोष आम्ही कोणास देत नाही. 1968 मध्ये जुने विमान ही अडचण होती, ठेवा नव्हे. पण टूसॉनला किंवा लंडनला ते विमान पाहणाऱ्याला त्यावर बंगळूरच्या कारागिरांचे हात फिरले होते हे कळावे, असे आम्हांस मनापासून वाटते. त्यासाठी पुरावा हवा, आणि तो आपल्या घरांत असण्याचा संभव आहे. या कारखान्याच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येथे आलेली कुटुंबे या सभागृहातही असतील. वडिलांचे, आजोबांचे ओळखपत्र, हजेरीचे कार्ड, विमानापुढे उभे राहून काढलेले छायाचित्र, मापांची वही, जे काही ट्रंकेत असेल ते फेकू नये. रविवारी सकाळी ग्रंथालय उघडे असते. तेथे आणून दाखवावे. नक्कल काढून घेऊ आणि मूळ वस्तू त्याच दिवशी परत देऊ. छायाचित्राच्या मागे नावे लिहिलेली नसतील, तर घरातील वडीलधाऱ्यांना आजच रात्री विचारून पेन्सिलीने लिहून ठेवावीत.