तपासणीचे हत्यार आणि कायदा



आदिलाबाद, बेला, जैनथकडच्या आपल्या घरांतली मुले संगणक शिकायला हैदराबाद-नागपूरला जातात. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीत 'एनमॅप' हे साधन सहज मिळते. संगणकाची कोणती दारे उघडी आहेत ते त्यातून कळते. मालकाला कळते, तसे चोरालाही. मग ते फुकट वाटणारा दोषी का? २०१० साली फेडोरा लिनक्सच्या मंडळाने 'एसक्यूएलनिंजा' हे साधन कायद्याच्या धास्तीनेच आपल्या संचात घेतले नाही.

आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ साधनावर बंदी घालत नाही. मालकाची परवानगी होती का, एवढेच विचारते. पण बेकायदा प्रवेशाला साहाय्य करणाराही त्यात येतो, आणि हे 'साहाय्य' कोठवर ताणायचे ते स्पष्ट नाही. अप्रामाणिक वा कपटी हेतू ठरला तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू कोर्टात ठरतो. पोरगा त्याआधीच ठाण्यात बसलेला असतो. तेलुगू फर्डे बोलणारी पण वाचता न येणारी घरे आपल्यात थोडी नाहीत. तेथे जबाबावर सही कोणत्या भरवशावर करायची?

हैदराबादचे हरिप्रसाद आठवा. त्यांनी परदेशी सहकाऱ्यांसह मतदान यंत्रातील दोष २०१० साली जाहीर केले. २१ ऑगस्टला मुंबई पोलिसांनी त्यांना अटक करून मुंबईस नेले. आठवड्याने जामीन झाला. आरोप तपासणीचा नव्हता, मुंबईच्या सरकारी ताब्यातील यंत्राच्या चोरीचा होता, हे आम्ही लपवत नाही. पण यंत्र रीतसर मागून मोकळेपणी तपासण्याची वाटच नसेल, तर तपासणाऱ्याने जावे कोठे? मुक्त प्रणालीत निदान मालकीचा हा पेच नाही. आपल्या संगणकावर ती उघडून पाहायला कोणाला विचारावे लागत नाही.

आमची मागणी एवढीच. सद्हेतूने दोष शोधून मालकास किंवा केंद्राच्या 'सर्ट-इन'ला कळविणाऱ्यास, आणि असे साधन उघडपणे वाटणाऱ्यास, कायद्यात स्पष्ट संरक्षण असावे. निवेदन तेलुगू व इंग्रजीत खासदारांना देऊ. मराठी प्रत सभासदांनी वाचूनच सही करावी. तोवर मुलांना सांगा, दुसऱ्याचा संगणक तपासण्याआधी मालकाची परवानगी कागदावर, तारीख-सहीनिशी घ्यावी. कॉलेजचा असला तरीही.