पडद्याची दोरी

गोष्ट १८५४ सालची. झाशीचे राज्य खालसा झाले, तेव्हा राणी लक्ष्मीबाईंनी आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी जॉन लँग या वकिलास बोलावून घेतले. राणीसाहेब पडद्याआडून बोलत होत्या. मध्येच बाल दामोदररावाने पडदा बाजूस सारला आणि लँगला त्यांचे ओझरते दर्शन घडले. क्षण सरला; परंतु ते रूप लँगच्या १८५९ सालच्या प्रवासग्रंथात कायमचे नोंदले गेले.

नोकरीनिमित्त मी याच झाशीत राहतो. आई दिवसभर घरी एकटी असते, म्हणून ओसरीवर आणि माजघरात मी कॅमेरे बसविले. कचेरीत बसल्या बसल्या ती मला मोबाइलवर दिसू लागली. एके दिवशी तिने विचारले, "अरे, मी तुला दिसते हे ठीक, पण तुझ्यापर्यंत पोचते ती कोणत्या वाटेने?"

प्रश्न मार्मिक होता. अशा कित्येक कॅमेऱ्यांचे चित्रण इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या कोठारात साठते. त्या कोठाराची किल्ली आपल्या एकट्यापाशी नसते. रिंग या कंपनीच्या नोकरांना ग्राहकांच्या घरांतील खाजगी चित्रणे पाहता येत होती, असा आरोप अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने २०२३ साली केला. कंपनीने ५८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. आपल्याकडे २०२५ साली राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीची चित्रणे चोरून विकली गेल्याचे उघड झाले. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातील तरुणही होते. सुरक्षिततेसाठी लावलेला डोळाच असा फितूर झाला.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. मात्र २०२३ चा विदासंरक्षण कायदा व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापरास लागू होत नाही. म्हणजे घरातील माणसांची, मोलकरणीची, पाहुण्यांची लाज राखण्याचा भार बव्हंशी गृहस्थाच्याच विवेकावर आहे.

करावयाचे ते अवघड नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. शक्य तेथे चित्रण घरातल्याच कार्डावर साठवावे. येणाऱ्याजाणाऱ्यास कॅमेऱ्याची कल्पना द्यावी.

राणीसाहेबांचा पडदा एका अजाण लेकराने सारला होता. आमच्या माजघराचा मी, जाणत्या मुलाने, पैसे मोजून सारला. माजघरातला कॅमेरा मी काढून टाकला. ओसरीवरचा आईला विचारून रस्त्याकडच्या दाराकडे वळविला. आता दुपारी मी तिला फोन करतो, आणि ती सांगेल तेवढेच मला कळते.