उन्हाळ्यातील रानफुले आणि फुलपाखरे
(बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



उन्हाळ्यात रानात फुले पाहावयास चला, असे कोणी म्हटले तर आपल्या भागातील माणूस हसल्याशिवाय राहत नाही. फुले श्रावणात पाहावीत, उन्हाळ्यात सावली शोधावी, असा आपला व्यवहार. सह्याद्रीच्या पठारांवरील पावसाळी फुलांचे कौतुक सर्वत्र होते आणि ते योग्यच आहे. परंतु बीबी, लोणार, मेहकर, सिंदखेडराजा हा आपला मुलूख पानगळीच्या रानाचा आहे. त्याचा वृक्षांचा बहर फाल्गुन ते वैशाख या महिन्यांत असतो. तो पाहण्यासाठी आपण बाहेर पडत नाही, म्हणून तो नाही असे आपल्याला वाटते.

गेल्या चैत्रात, सकाळची शाळा सुटल्यावर नव्हे तर सुट्टीच्या दिवशी पहाटेच, काही शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमवेत मी लोणारच्या विवरात उतरलो. त्या पदयात्रेत जे पाहिले आणि त्यातून जे सुचले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

डोंगर चढण्याऐवजी उतरण्याची यात्रा

आपल्या तालुक्यात उंच शिखर नाही. परंतु निसर्गाने त्याची भरपाई निराळ्या रीतीने केली आहे. उल्कापाताने बेसाल्टच्या खडकात झालेले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि सुमारे १५० मीटर खोल आहे. इतरत्र लोक डोंगर आधी चढतात व मग उतरतात. येथे आधी उतरावयाचे आणि दमल्यावर चढावयाचे. म्हणून वृद्धांनी व लहान मुलांनी परतीची शक्ती राखूनच खाली उतरावे.

तळाशी असलेल्या सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. उतारावर मात्र धारेसारखे गोड्या पाण्याचे झरे आहेत. इ. स. २००० मध्ये हा परिसर वन्यजीव अभयारण्य झाला. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष इकडे वेधले गेले. मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. जगाने पाण्याकडे पाहिले. आपण त्या दिवशी उतारावरील झाडांकडे पाहिले.

निष्पर्ण झाडे का फुलतात?

पळसाचा बहर त्या वेळी सरत आला होता. मुलांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की झाडावर पान नाही, जमिनीत ओल नाही, मग फूल कशाच्या बळावर? उत्तर सोपे आहे आणि विचार करण्याजोगे आहे. पानांवाटे पाणी उडून जाते, म्हणून झाड पाने गाळून पाणी राखते आणि साठविलेल्या अन्नावर फुलते. पाने नसल्यामुळे फुले दुरून दिसतात. पळस, पांगारा व काटेसावर यांच्या लाल फुलांवर पक्षी मधासाठी येतात आणि परागीकरण होते. चैत्र-वैशाखात शेंगा पिकतात. पळसाची चपटी, हलकी शेंग वाऱ्यावर दूर जाते आणि मृगाच्या पावसाच्या वेळी बी जमिनीवर हजर असते. शेतकरी पेरणीची तयारी उन्हाळ्यात करतो, तशीच ही रानाची तयारी आहे.

वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात, कुड्याला पांढरी फुले येतात, करंज व कडुनिंब यांचा मोहोर आधीच येऊन गेलेला असतो. कॅलेंडरवर जो काळ आपण ओसाड समजतो, तो मधमाशी व फुलपाखरू यांच्या दृष्टीने सुगीचा आहे.

ओल्या मातीवरील मेळा

फुलपाखरे मात्र आम्हास फुलांपेक्षा अधिक झऱ्याच्या काठी भेटली. ओल्या मातीवर पिवळी-पांढरी फुलपाखरे दाटीने बसली होती. ती केवळ तहान भागवीत नव्हती. त्यांतील बहुतेक नर असतात. मातीतील क्षार ते शोषून घेतात आणि मीलनाच्या वेळी ते मादीला मिळून पुढील पिढीस उपयोगी पडतात. उन्हाळ्यात एखादा झरा आटला तर केवळ गुरांचे पाणी जात नाही, हाही व्यवहार थांबतो.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉर्मन’, म्हणजे मराठीत नीलवंत, हे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. असा निर्णय करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. परंतु आपल्या गावची फुलपाखरे ओळखण्यासाठी दूर जावयास नको. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या ठराविक वनस्पतींवरच वाढतात. बिबळ्या कडवा हे केशरी फुलपाखरू रुईवर अंडी घालते. रुईच्या चिकातील कडू विषारी द्रव्य अळीच्या अंगात साठते, म्हणून पक्षी त्यास टाळतात. आणि दुसऱ्याच एका जातीच्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याचे रूप घेऊन आपला जीव वाचविते. पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या काही जाती बहाव्यावर व तरोट्यावर वाढतात. बेल, लिंबू व कढीपत्ता यांवर हिरवी अळी दिसली, तर ती बहुधा एखाद्या मोठ्या सुंदर फुलपाखराची असते. पंखांच्या खाली हळदीचा व कुंकवाचा रंग मिरविणारे फुलपाखरू आंब्यावरील बांडगुळावर वाढते.

आता ही नावे पुन्हा पाहा. रुई, तरोटा, बांडगूळ. ज्यांना आपण निरुपयोगी म्हणून उपटून टाकतो, तीच ही नावे आहेत.

एक कबुली

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी, तरुण शिक्षक असताना, मी श्रमदानाच्या दिवशी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या कुंपणालगतची रुई व सारा झाडोरा मुळापासून काढविला आणि त्याचा ढीग करून पेटविला. स्वच्छतेबद्दल आमची वाहवा झाली. पुढच्या वर्षी फुलपाखराच्या जीवनक्रमाचा पाठ आला. मी मुलांना म्हणालो, कुंपणापासून एक अळी घेऊन या. मुले रिकाम्या हाताने परत आली. एका मुलीने विचारले, “गुरुजी, त्या आपणच जाळल्या ना?” त्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो पाठ मी फळ्यावर चित्र काढून शिकविला.

शाळेच्या कुंपणावर जे मी केले, तेच आपण दर उन्हाळ्यात शेताच्या धुऱ्यावर आणि गावाच्या ई-क्लास जमिनीवर करतो. खरिपाच्या तयारीसाठी धुरे पेटविले जातात. ठिणगी गवतात जाते आणि वणवा टेकडीवर चढतो. वाळक्या गवतात व पाचोळ्यात कोष असतात, अंडी असतात, नुकतेच पडलेले बी असते. राख उडून जाते, उघडी माती पहिल्या सरीबरोबर नाल्यात वाहते. शेतकऱ्यास दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही, कारण धुरा हाताने साफ करण्यास मजुरी लागते. म्हणूनच हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा न राहता ग्रामसभेचा झाला पाहिजे.

आपल्या हाती काय आहे?

जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची आहे, आणि लोक जैवविविधता नोंदवही हे तिचे महत्त्वाचे काम आहे. ही नोंदवही कपाटात ठेवण्यासाठी नाही. ती भरण्याचे काम शाळा व ग्रामपंचायत यांनी मिळून करावे, असे मी सुचवितो.

ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांची पद्धतशीर गणना चालू आहे. तिची रीत अगदी साधी आहे. एकच ठरलेली वाट, आठवड्यातून एकदा, अनुकूल हवेत चालावयाची आणि दिसलेली फुलपाखरे मोजावयाची. यास महागडे साधन लागत नाही. वही, पेन्सिल आणि सातत्य लागते. बीबीच्या शाळेपासून नाल्यापर्यंतची एखादी वाट यासाठी पुरेशी आहे. पाच वर्षांच्या नोंदी झाल्या, तर धुरा जाळल्याचा व न जाळल्याचा फरक ग्रामसभेपुढे आकड्यांत ठेवता येईल.

ग्रामपंचायतीने ई-क्लास जमिनीचा एखादा तुकडा तरी आगीपासून राखावा. उन्हाळ्यापूर्वी त्याभोवती जाळरेषा काढावी. झऱ्याच्या व हातपंपाच्या सांडपाण्याची थोडी ओल उघड्या मातीवर राहू द्यावी. शिक्षकांनी पदयात्रा सकाळी लवकर सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावी. प्रत्येक मुलाजवळ पाणी व डोक्याला रुमाल असावा. अभयारण्यात जाताना वन विभागाचे नियम पाळावेत, आणि तेथील फूल किंवा फुलपाखरू घरी आणू नये. पाहिलेले वहीत आणावे.

परत चढताना आम्ही सारे दमलो होतो. विवराच्या काठावर आल्यावर एका मुलाने मागे वळून विचारले, “पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजायचे ना?” मोजणीची वही त्याच्याच हातात होती. ती मी त्याच्याकडेच राहू दिली.

आपल्या गावातही अशी एक वही सुरू व्हावी आणि येत्या उन्हाळ्यात निदान एक धुरा न जाळता राहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.